रोटाव्हेटरवर क्लच स्लिप होतो: दोन्ही प्लेटा सिरॅमिक टाकाव्यात का?

केळीबाग_रावेर:

राम राम मंडळी. ५० एचपीचा ३ सिलिंडर टर्बो ट्रॅक्टर आहे, जुना घेतलेला, मीटरवर १,३०० तास. क्लच ड्युअल, म्हणजे पॅडल एकच: अर्ध्यावर ट्रॅक्टर थांबतो, पूर्ण दाबलं की पीटीओही (मागच्या अवजाराला फिरवणारा शाफ्ट) थांबतो. मागे ६ फुटी रोटाव्हेटर, ४२ पाती. जमीन भारी काळी. मुख्य काम म्हणजे केळीची बाग काढली की खांब-खुंटांचा चुरा करून रान तयार करणं, आणि हंगामात घडांची ट्रॉली.

अडचण अशी की खांबांच्या गर्दीत रोटा शिरला की इंजिनाचा आवाज तसाच राहतो, आरपीएमचा काटा जागेवर असतो, पण रोटाचा आवाज बसतो. धूर वाढत नाही. थोड्या वेळाने पायाखालून जळका वास येतो. सकाळी त्रास कमी, दुपारी जास्त. भरलेली ट्रॉली ओढताना मात्र अजून काही जाणवत नाही. पॅडलचा मोकळा प्ले (क्लच लागण्याआधीची रिकामी चाल) ८ मिमी भरतो. डिझेल पंपाचं कंपनीचं सील तुटलेलं आहे, म्हणजे पंप कधीतरी वाढवलेला (जादा डिझेल सोडेल असा केलेला) असणार.

मिस्त्री म्हणतो दोन्ही प्लेटा सिरॅमिक (साध्या अस्तराऐवजी उष्णता झेलणाऱ्या टिकल्यांच्या) टाका आणि जड स्प्रिंगची प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) बसवा, पुन्हा बघायचं काम नाही. शोरूमवाले म्हणतात मूळचाच सेट टाका. फ्लायव्हीलला (इंजिनाच्या मागचं जड चाक, ज्याला क्लच धरतो) फेसिंग, म्हणजे खरादावर पृष्ठ सपाट, करायचं की नाही यावरही दोघांचं जमत नाही. जाणकारांनी सांगावं.

गियरबॉक्स_धुळे:

भाऊ, प्लेट कोणती टाकायची ते नंतर. आधी घसरतं कोण ते पक्कं करा. ड्युअल क्लचच्या डब्यात दोन प्लेटा असतात. एकीची ताकद गिअरबॉक्समधून चाकांना जाते, दुसरीची वेगळ्या शाफ्टवरून सरळ पीटीओला. ट्रॉली ओढताना त्रास नाही आणि रोटा बसतो, म्हणजे बोट पीटीओ प्लेटकडे जातं. मुख्य प्लेट गेली असती तर उलट दिसलं असतं: रोटा जोरात फिरतोय आणि ट्रॅक्टर पुढे सरकत नाही.

तिसरा संशयितही आहे. रोटाच्या जोडशाफ्टवर स्लिप क्लच असेल तर तोसुद्धा घसरतो. तो तपासायला खर्च शून्य. इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा, स्लिप क्लचच्या दोन्ही अर्ध्या भागांवरून ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढा. खांबांत एक तास चालवा. रेघ तुटून दोन तुकडे वेगवेगळ्या जागी गेले असतील तर मागचा क्लच घसरतोय. रेघ जागेवर असेल तर दोष पुढे. तुमचा वास पायाखालून येतो, म्हणून मला मागचा वाटत नाही, पण बघून घ्या.

आता मोजमाप. लेझरचा हातातला डिजिटल टॅकोमीटर आणा. चमकपट्टीचा एक तुकडा क्रँक पुलीवर आणि एक रोटाच्या गिअरबॉक्सजवळ जोडशाफ्टच्या उघड्या भागावर चिकटवा. तुमच्या ट्रॅक्टरला १,८०० आरपीएमवर पीटीओ ५४० असेल तर प्रमाण ३.३३. रोटा वर उचलून, मोकळा फिरवून ते ताडून घ्या. मग खांबांत लावून दोन्ही आकडे एकाच वेळी घ्या. ड्रायव्हर सोडून दोन माणसं लागतात. समजा इंजिन १,७५० दाखवतंय, तर पीटीओ ५२५ हवा. तो ४९० आला, तर जवळपास ७ टक्के घसरण आहे. इंजिन १,५५० वर उतरलं आणि पीटीओ ४६५ आला, तर क्लच ठणठणीत आहे, लोडच जास्त आहे. आवाजावरून हा फरक भल्याभल्यांना कळत नाही.

शाफ्टचं प्लास्टिक कव्हर काढून मोजू नका. हातभर लांब उभं राहा. खांद्यावरचा रुमाल, गमछा, सैल बाही असं काहीही अंगावर नको. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९ फेरे. कापड अडकलं तर हात सोडवायला वेळ मिळत नाही.

तापीथडी:

गियरबॉक्स दादांनी बरोबर जागी हात घातलाय. मी प्लेबद्दल लिहितो, कारण ८ मिमी हा आकडा मला खटकतो.

पुष्कळ जणांना वाटतं की प्लेट झिजली की प्ले वाढतो. रॉडने चालणाऱ्या क्लचमध्ये उलटं होतं. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, बोटांची (क्लच सोडवणाऱ्या तरफांची) टोकं मागे रिलीज बेअरिंगकडे (पॅडल दाबलं की त्यांना ढकलणारी) येतात आणि प्ले कमी होतो. बहुतेक ट्रॅक्टरांना पॅडलवर २० ते ३० मिमी मोकळा प्ले लागतो. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. ८ मिमीवर चालवत राहिलात तर थोड्याच दिवसांत बेअरिंग कायमची बोटांना टेकेल आणि पाय न ठेवताही क्लच किंचित दाबलेला राहील.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. ड्युअल क्लचमध्ये पॅडलचा पहिला टप्पा मुख्य प्लेट सोडवतो. म्हणजे प्ले कमी पडला की आधी मार खाते ती मुख्य प्लेट. पीटीओ प्लेट घसरते म्हणून नुसता प्ले वाढवून घरी गेलात तर काही फरक दिसणार नाही. पीटीओसाठी दुसऱ्या टप्प्याची फट बघावी लागते: मुख्य प्रेशर प्लेट मागे सरकून पीटीओच्या प्रेशर प्लेटला उचलते, त्याच्या आधीचं मोकळं अंतर. हाउसिंगच्या खिडकीचं झाकण काढलं की ते बोल्ट दिसतात. फ्लायव्हील हाताने फिरवत प्रत्येक बोल्टखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा. बऱ्याच मॉडेलांत ही फट २ मिमीच्या आसपास असते. फट शून्य झाली असेल तर पीटीओ प्लेट कधीच पूर्ण आवळत नाही. एका बोल्टला कमी आणि दुसऱ्याला जास्त असेल तर प्लेट तिरकी सुटते, तिरकी धरते.

प्ले लावताना फोर्कच्या (रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या) शाफ्टचे बुशही हलवून बघा. बुश ढिले असले की पॅडलवर २५ मिमी दिसतो, पण त्यातला अर्धा बुशांचाच असतो. पॅडलची रिटर्न स्प्रिंग ताणली गेली असेल तर तीही बदला.

सातपुडा_डिझेल:

टर्बो इंजिन आहे म्हणून एक मुद्दा जोडतो. क्लचवर तेल येतंय का?

क्लच हाउसिंगच्या बुडाला एक भोक असतं, त्यात कॉटर पिन लोंबत असते. चिखलाने ते बुजतं. ते तारेने साफ करा आणि रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. काळं, पातळ तेल आलं तर क्रँकचं मागचं सील. पिवळट-तपकिरी, गिअर ऑइलच्या उग्र वासाचं आलं तर गिअरबॉक्सकडच्या शाफ्टचं सील. काहीच नाही आलं तर देवाची कृपा.

क्रँकचं सील गळत असेल तर नवं बसवण्याआधी ब्रीदर (इंजिनातली वाफ-हवा बाहेर सोडणारी वाट) बघा. ब्रीदरची नळी धूळ-तेलाने तुंबली, किंवा टर्बोची सीलं आणि रिंगा थकल्या, की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि तो तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. सील नवं, तरी पुन्हा गळती, असा प्रकार होतो तो यामुळे. ऑइल भरायची टोपी सैल करून इंजिन चालू ठेवा. टोपी उडायला बघत असेल, भकाभक धूर मारत असेल, तर दोष सीलमध्ये नाही.

तेल पिलेली साधी प्लेट पेट्रोलने धुऊन बसवायचा उद्योग करू नका. अस्तर तेल आत शोषतं, तापलं की पुन्हा वर आणतं.

केळीबाग_रावेर:

सगळ्यांनी सांगितलं तसं करून बघितलं.

स्लिप क्लचवरची पेंटची रेघ जागेवर. मोकळं प्रमाण ३.३३. खांबांत इंजिन १,७५०, पीटीओ ४९० ते ४९५. पॅडलचा प्ले २५ मिमी केला. घसरण तेवढीच राहिली, तापीथडी म्हणाले तसंच. खिडकीतून फट मोजली: दोन बोल्टांना दीड मिमीच्या जवळ, तिसऱ्याला १ मिमीपेक्षा कमी, पण शून्य कुठेच नाही. बुडाच्या भोकातून सुकी काळी पावडर पडली, तेल नाही. ब्रीदर साफ केला, टोपीखाली दाब नाही.

ड्रायव्हरशी बोललो. खांब अडकला की तो अर्धा क्लच दाबून ट्रॅक्टर थांबवतो, रोटा फिरता ठेवतो, मग सोडतो. हे बरोबर आहे ना? ड्युअल क्लच त्यासाठीच असतो असं ऐकलंय.

गियरबॉक्स_धुळे:

पद्धत बरोबर, पण पाय कुठे थांबतो त्यावर सगळं आहे. पहिला टप्पा संपून दुसरा सुरू होतो तिथे पॅडल एकदम जड लागतं. त्या जडपणाच्या अलीकडे पाय थांबला तर पीटीओ प्लेटला काही होत नाही. तुमची फट एका बाजूला १ मिमीच्या आत आहे, म्हणजे त्या बाजूने दुसरा टप्पा लवकर सुरू होतो. ड्रायव्हरला वाटतं अर्धाच दाबलाय, आणि तिकडे पीटीओ प्लेट एका कडेने अर्धवट सुटून, भरल्या लोडवर घासत राहते. केळीच्या खांबांत हे दर सरीला घडतं. सुकी काळी पावडर म्हणजे तीच प्लेट.

प्लेट संपली आहे असं धरून चाला. ट्रॅक्टर मधून (इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करून) सोडवावाच लागेल.

आता निवड. माझं स्पष्ट मत: पीटीओची प्लेट सिरॅमिक, मुख्य प्लेट मूळची साध्या अस्तराची, प्रेशर प्लेट मूळच्याच दाबाची. कितीतरी ड्युअल क्लच कंपनीतूनच असे येतात, आणि त्याला कारण आहे. पीटीओची प्लेट दिवसातून मोजक्या वेळा जोडली जाते, तीही थ्रॉटल कमी असताना, मग तासन्‌तास लोड सहन करते. तिला उष्णता झेपायला हवी. जोडताना गुळगुळीतपणा दुय्यम. मुख्य प्लेट दर वळणावर, दर गिअरला सुटते आणि धरते. तिला मऊ धरणं आलंच पाहिजे.

पांझराकाठ:

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. ट्रॅक्टर वर्षभर रोटा, पऱ्हाटीचं श्रेडर आणि नांगरावरच चालणार असेल, ट्रॉली फारशी नसेल, तर दोन्ही सिरॅमिक चालतात. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ वर जातो, ढेकळांत तासभर रोटा लावला की हाउसिंगला हात लावता येत नाही. साधं अस्तर तापलं की पकड सोडतं, काचेसारखं चकाकतं आणि मग गार झाल्यावरही पूर्वीसारखं धरत नाही. भाड्याने दिवसरात्र चालणाऱ्या ट्रॅक्टरांना सिरॅमिकच परवडते.

गियरबॉक्स_धुळे:

पांझराकाठ भाऊ, भाड्याच्या रोटाच्या ट्रॅक्टराला तुमचं म्हणणं लागू आहे. यांना घडांची ट्रॉली ओढायची आहे. बागेच्या बांधावर इंच-इंच मागे घ्यायला मुख्य सिरॅमिक प्लेट नकोशी होते. ती एकदम धरते, ट्रॅक्टर हिसका देतो, ट्रॉलीतला माल आदळतो. तो प्रत्येक हिसका पुढे गिअरच्या दातांवर आणि क्राउन-पिनियनवर (मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गिअरजोडीवर) जातो. क्लच हा थोडा घसरून हिसका खाणारा भाग आहे. तो घसरलाच नाही तर पुढचा महाग भाग तुटतो. शिवाय सिरॅमिकच्या टिकल्या फ्लायव्हीलही जास्त खातात.

तापीथडी:

जड स्प्रिंगच्या प्रेशर प्लेटबद्दल हिशेब मांडतो, मग तिची गरज आहे का ते दिसेल.

५० एचपी २,१०० आरपीएमवर म्हणजे ५० गुणिले ७१६ भागिले २,१००, सुमारे १७ किलोग्रॅम-मीटर टॉर्क (फिरवायचा जोर). लोडने इंजिन खाली उतरलं की टॉर्क वाढतो, समजा २०. पंप वाढवलेला असेल तर २३ धरा.

क्लचची ताकद म्हणजे प्लेटच्या बाजू दोन, गुणिले घर्षणांक, गुणिले दाब, गुणिले सरासरी त्रिज्या. उदाहरणासाठी ११ इंची प्लेट, सरासरी त्रिज्या ०.११३ मीटर, दाब ६०० किलो, घर्षणांक ०.३. उत्तर ४०.७. म्हणजे गरजेच्या दुप्पट. आता तीच प्लेट तापून घर्षणांक ०.२ झाला आणि झिजेमुळे दाब ४५० वर आला असं धरा: २०.३. इंजिन २३ देतंय, क्लच २० धरतोय. तुमची दुपार ही आहे. तोच कमी झालेला दाब ठेवून घर्षणांक ०.४ केला, सिरॅमिकला तो सहज मिळतो, तर पुन्हा ४०.७. स्प्रिंग न बदलता.

झिजेबरोबर दाब कसा बदलतो ते स्प्रिंगच्या जातीवर आहे. गोल कॉइल स्प्रिंगा असतील तर प्लेट जितकी पातळ, तितका दाब सरळ उतरत जातो. डायफ्रॅम (ताटलीसारखी एकच स्प्रिंग) असेल तर सुरुवातीच्या झिजेत दाब किंचित वाढतो आणि शेवटी भराभर पडतो. म्हणून डायफ्रॅमवाला क्लच काल बरा होता आणि आज गेला असं वाटतं.

जड स्प्रिंगची किंमत कोण मोजतं? आधी ड्रायव्हरचा गुडघा. मग रिलीज बेअरिंग, फोर्क, बुश. आणि दर वेळी पॅडल दाबलं की तो जोर क्रँकला पुढे ढकलतो, तो झेलणारी थ्रस्ट वॉशर झिजते. ती गेली की क्रँक पुढे-मागे खेळतो आणि इंजिन उघडावं लागतं. ५० एचपीला हे ओढवून घ्यायचं कारण मला दिसत नाही.

७ टक्के घसरणीचं गांभीर्यही सांगतो. पीटीओवर ४० एचपी जात असतील तर त्यातले २.८ एचपी, म्हणजे २ किलोवॉटच्या वर, बंद डब्यात दोन प्लेटांमध्ये शेगडी पेटल्यासारखे जळतायत. नवी प्लेट येईपर्यंत रोटा लावू नका, घासायची पृष्ठं वाचतील.

पंप मात्र टेस्ट बेंचवर चढवून मूळच्या मापावर आणाच. नाहीतर नव्या क्लचवरही तोच जादा टॉर्क बसणार. जानेवारी २०२३ पासूनच्या ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना तर हा प्रकार स्क्रू फिरवून होतच नाही, तिथे लोक जादा डिझेल सोडायला लावणारी इलेक्ट्रॉनिक चिप लावतात. क्लचला दोन्ही सारखेच.

सातपुडा_डिझेल:

सोडवताना आणि बसवताना काय बघायचं ते लिहितो. मिस्त्रीशेजारी उभं राहून बघा, त्याला राग आला तरी चालेल.

बॅटरीची वायर आधी काढा. समोरच्या ॲक्सलच्या मधल्या पिनीवर इंजिन डोलतं, म्हणून ॲक्सल आणि इंजिनाच्या सांध्यात दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोकायची. ही पाचर विसरली की मागचा भाग सुटताच पुढचा अर्धा भाग कलंडतो. मागच्या चाकांना दगड नव्हे, नीट ओंडके लावा. नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड हवेत.

डबा उघडल्यावर साध्या प्लेटच्या रिव्हेटांची खोली व्हर्नियरच्या दांडीने मोजा. अस्तर रिव्हेटच्या वर ०.३ मिमीपेक्षा कमी उरलं असेल तर बदला. ट्रॅक्टर उघडलाच आहे तर मुख्य प्लेट थोडी जाड असली तरी परत बसवू नका. काही डब्यांत एकच डिस्क स्प्रिंग दोन्ही प्लेटांना दाबते, तिथे जुनी-नवी जोडी जमत नाही.

फ्लायव्हीलचा वाद असा सुटतो. पृष्ठावर स्टीलची पट्टी उभी धरा आणि खालून ०.१ मिमीचा फीलर घाला. तो शिरला तर फेसिंग. निळे डाग आणि नखाला लागणाऱ्या भेगा असतील तरी फेसिंग. नुसती चकाकी असेल तर १२० नंबरच्या एमरी कापडाने गोल नव्हे, आडवंतिडवं घासून मारा. फ्लायव्हील खोलगट असेल, म्हणजे प्लेटची जागा आत आणि कव्हरचे बोल्ट वरच्या कडेवर, तर जेवढं आतून काढाल तेवढंच त्या कडेवरूनही काढावं लागतं. नुसतं आतून अर्धा मिमी काढलं तर स्प्रिंगचा दाब तेवढा कमी होतो आणि नवी प्लेट पहिल्याच दिवशी अर्धी झिजल्यासारखी वागते. खरादवाल्याला हे कागदावर लिहून द्या. डब्यात पीटीओच्या प्लेटचीही घासायची पृष्ठं असतात, तीही अशीच बघा. तुमची तिरकी झिजली असणार.

फ्लायव्हीलमधली छोटी पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग नवीच. रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये बुडवून धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं आणि वरून भरता येत नाही. क्रँकचं मागचं सील गळत नसलं तरी आत्ताच बदला, नंतर त्याच्यासाठी पुन्हा सगळं सोडवावं लागेल.

प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू लिहिलेली असते, उलटी बसली तर क्लच सुटत नाही. स्प्लाइनला (शाफ्ट आणि प्लेट ज्यात अडकतात त्या खाचांना) ग्रीस बोटाने पुसट, जादा पुसून टाका. दोन्ही प्लेटांचे स्प्लाइन एका रेषेत आणायला डमी शाफ्ट लागतो, नजरेने जमत नाही. कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, शेवटी टॉर्क पान्याने. मग बोटांची उंची गेजने मोजा. सगळी अर्ध्या मिमीच्या आत एका पातळीत हवीत. ती तशी नसली की क्लच थरथरतो आणि गिअर खरखरतो. शेवटी दुसऱ्या टप्प्याची फट, सगळ्या बोल्टांना सारखी.

आणि दोन भाग जोडताना शेवटचे ५-१० मिमी बसत नसतील तर बोल्ट आवळून ओढू नका. स्प्लाइन समोर आलेला नाही एवढाच अर्थ. मागचा पीटीओ शाफ्ट हाताने थोडा फिरवा, पुढे फ्लायव्हील थोडं फिरवा, आपोआप सरकतं. बोल्टने ओढलं की प्लेटचं हब वाकतं किंवा हाउसिंगचा कान तुटतो. मागच्या भागाचं वजन क्षणभरही प्लेटच्या हबवर लटकू देऊ नका.

केळीबाग_रावेर:

ठरलं, पीटीओ सिरॅमिक, मुख्य साधी, पंप बेंचवर. दोन शंका राहिल्या. नवी प्लेट बसल्यावर लगेच खांबांत घालावी का? आणि खांबांत लोड कमी कसा करायचा, कारण काम तर तेच आहे.

पांझराकाठ:

लगेच नाही. सुरुवातीचे १० ते १५ तास हलकं काम द्या: नांगरून मोकळ्या झालेल्या रानात उथळ रोटा, ट्रॉली रिकामी किंवा अर्धी. सिरॅमिकच्या टिकल्यांचं पूर्ण तोंड समोरच्या पृष्ठाला टेकायला वेळ लागतो. तोवर थोड्याशाच जागेवर सगळा भार येतो आणि तिथे निळे डाग पडतात. १० तासांनी पॅडलचा प्ले पुन्हा मोजा, नवी प्लेट बसताना तो हमखास कमी होतो. ५० तासांनी परत.

खांबांचं म्हणाल तर ओला खांब म्हणजे पाणी आणि सोपटाचा (खांबावरच्या सालपटाचा) धागा. पात्यांनी तो तुटत कमी, गुंडाळतच जास्त जातो. खांब आडवे पाडून, तुकडे करून, ऊन खाऊ दिले तर लोड निम्म्याने उतरल्यासारखा वाटतो. दोन पाळ्या घ्या: पहिली दोन-तीन इंच, दुसरी पाच. एकाच पाळीत सहा इंच खोल खुपसायचं कारण नाही. ठिबकच्या नळ्या आधी गोळा करा, बुडख्यापाशी राहिलेले तुकडेसुद्धा. शाफ्टवर नळी आणि सोपट एकत्र गुंडाळली की बेअरिंगच्या सीलमध्ये घुसते. दर एकराला पीटीओ बंद, इंजिन बंद, मग कोयत्याने गुंडाळा कापून काढा. पाती झिजून टोकं गोल झाली असतील तर पूर्ण सेट बदला. दोन-चार नवी आणि बाकी जुनी असली की लोड धक्क्याधक्क्याने येतो.

गियर सर्वात खालचा, आरपीएम पीटीओ ५४० देईल तेवढाच. पीटीओ जोडायचा तो रोटा वर असताना, थ्रॉटल खाली, पॅडल पूर्ण दाबून आणि हळू सोडून. फिरता रोटा जमिनीवर आपटायचा नाही, हायड्रॉलिकने सावकाश उतरवायचा.

गियरबॉक्स_धुळे:

ड्रायव्हरला दुसरा टप्पा पायाला ओळखू यावा म्हणून एक सोपी सोय: पॅडलच्या बाजूला फूटबोर्डवर एक उभी पट्टी लावा आणि पहिला टप्पा जिथे संपतो तिथे पांढऱ्या पेंटची खूण करा. खांब अडकला तर पॅडल त्या खुणेच्या खाली जायचं नाही. अडकलेला खांब तीन-चार सेकंदांत निघाला नाही तर पॅडल पूर्ण दाबून पीटीओ काढायचा आणि रोटा उचलायचा. अर्ध्यावर धरून वाट बघत बसायचं नाही. प्ले पुन्हा लावला की खूणही नव्याने काढा, कारण टप्प्याची जागा सरकते.